खंबीरची चारची पट्टी

खंबीरला उंदीर चावला तेव्हा मी जांभई देत होतो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे जे घडलं त्यात माझा वाटा किती आणि सासूबाईंचा किती, यावर कोणी माझ्याशी वाद घालायला नको. घरात तो वाद भरपूर घालून झाला आहे.

दोनशे अठ्ठ्याऐंशी दिवस हा माणूस जगला होता. दोन डोक्यांचा पहारेकरी, विहिरीतली बाई, स्वतःच्या पायांनी चालत येणारी शवपेटी आणि एक आख्खा हिवाळा त्याने पचवला होता. आणि चावला कोण, तर उंदीर. कोठीतला, साधा, नवशिकेसुद्धा ज्याला लाथेने उडवतात तो उंदीर.

‘अंधारकोट’ हा व्हिडिओ गेम ज्याने बनवला, त्याचा जगावर कसला तरी जुना राग असणार. इतर गेममध्ये आपला माणूस मेला की धूळ झटकून पुन्हा उठतो. इथे मेला की मेला. त्याची तलवार, त्याचं चिलखत, त्याने शिकलेल्या युक्त्या, सगळं पुसलं जातं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवशी, फाटक्या कपड्यांत, एका गटारात. वर घड्याळही थांबत नाही. तुम्ही टीव्ही बंद करून कामाला गेलात तरी तिकडे तुमच्या माणसाला भूक लागते, थंडी वाजते, जखम चिघळते. इथला एक दिवस म्हणजे तिथला एक दिवस. असे तीनशे दिवस काढले की शेवटच्या बुरुजाचा दरवाजा उघडतो, फक्त एका दिवसासाठी. त्या दिवशी ज्याचा माणूस जिवंत, तो आत जाणार. माझ्या दुकानाशेजारचा फोटोग्राफर हा गेम चार वर्षं खेळतोय. त्याचे सतरा जण मेले. सगळ्यात चिवट होता तो एकसष्ट दिवस टिकला, आणि त्याची आठवण काढताना फोटोग्राफरचा आवाज अजून जड होतो.

मला तो दरवाजा बघायचा होता. मी चष्मे बनवतो. सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि आजवर एकही गोष्ट शेवटपर्यंत नेलेली नाही. व्हायोलिन दीड वर्षं वाजवलं. पोहायला शिकलो, पण फक्त पाठीवर. बाल्कनीतलं कपाट दोन बाजूंनी रंगवलेलं आहे. खंबीर ही माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट होती जी मी दहा महिने रोज, न चुकता, सांभाळली होती. लोक हसतात, हसू देत. मला तो दरवाजा उघडलेला बघायचा होता, बस्स.

तर उंदीर. चावल्यावर खंबीरच्या पोटरीला काळी सूज चढली. काळ्या सुजेवर उपाय एकच, दर चार तासांनी पट्टी बदलायची. सलग दहा दिवस. एक जरी चुकली तरी सूज काळजापर्यंत जाते आणि खेळ खलास. रात्री माणूस शेकोटीपाशी झोपला की जखमही झोपते, हा त्या गेम बनवणाऱ्याने केलेला एकमेव उपकार. म्हणजे सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि संध्याकाळी आठ. दोन्ही आठ माझे. बाराला आणि चारला मी दुकानात, कोणाच्या तरी नाकावर फ्रेम बसवत असणार.

“मी दहा दिवस दुकान बंद ठेवतो,” मी बायकोला म्हणालो.

“ठेव. मग मी पण पट्टी शोधते, तुझ्या डोक्याला बांधायला.”

बायको लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून “ब्रेक! ब्रेक!” ओरडते. घरी येईपर्यंत तिचा आवाज बसलेला असतो, आणि जो काही उरतो तो ती माझ्यासाठी राखून ठेवते.

“आईला सांग की,” ती म्हणाली. “दिवसभर घरीच असते. कालपासून माझ्या डब्यांना लेबलं लावत सुटली आहे. तिला काहीतरी काम दे, नाहीतर उद्या मला लेबल लागेल.”

सासूबाई चौतीस वर्षं नर्स होत्या. त्यातली शेवटची बारा वर्षं अतिदक्षता विभागाच्या प्रमुख. तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या आणि त्यांच्या बाथरूमच्या फरशा बदलून होईपर्यंत दोन आठवडे म्हणून आमच्याकडे आल्या. फरशा कधीच बदलून झाल्या होत्या. तो विषय कोणी काढत नव्हतं. नऊ वर्षांत त्यांच्या-माझ्यात जे काही बोलणं झालं, ते हवामान आणि माझं ब्लडप्रेशर या दोन विषयांवर. त्यांना बघितलं की मी पोट आत घ्यायचो.

मी त्यांना टीव्हीसमोर बसवलं. हातात कंट्रोलर दिला. पडद्यावर खंबीर शेकोटीपाशी पाय लांब करून बसला होता.

“आई, फार काही नाही. हे डावं बटण दाबलं की पिशवी उघडते. त्यातून पट्टी निवडायची, हे गोल बटण दाबायचं. संपलं. बाराला एकदा, चारला एकदा.”

“पेशंटचं नाव?”

“पेशंट नाही हो, तो... खंबीर.”

“वय?”

“दोनशे अठ्ठ्याऐंशी दिवस.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चष्मा मीच बनवलेला. मग पर्समधून वही काढली.

“असं तोंडी चालायचं नाही, जावईबापू. पाळी बदलताना पेशंट दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा तर रीतसर ओव्हर द्यावी लागते. काय झालंय, कधी झालंय, काय चालू आहे, काय द्यायचं, काय द्यायचं नाही. बोला, लिहून घेते.”

मी बोललो. त्यांनी लिहून घेतलं. उंदराचा प्रकार लिहिला. सूज घोट्यापासून किती वर आहे ते पडद्याजवळ जाऊन बघून आल्या. “अजून काही?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. “नक्की? अजून काही?” नाही. “घरी गेल्यावर आठवतं लोकांना, म्हणून तिसऱ्यांदा विचारते. अजून काही सांगायचं राहिलंय?”

“नाही हो आई. पट्टी बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही.”

“सही करा,” त्या म्हणाल्या. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर फ्रीजवर तक्ता लागलेला. वर ‘श्री. खंबीर’. खाली तारखा, वेळा, सुजेचा रंग, आणि शेरा: ‘दुपारी बरा वाटला. बोलत नाही.’

“तो बोलतच नाही,” मी म्हणालो.

“सुरुवातीला नाही बोलत कोणी.”

मी सोफ्यावर बसून कंट्रोलरकडे हात नेला. त्यांनी तो मागे घेतला.

“हात धुतले?”

सेहेचाळीस वर्षांचा माणूस मी, उठलो आणि हात धुऊन आलो. मग त्यांनी मला ओव्हर दिली. बाराची पट्टी बाराला दोन मिनिटं असताना, चारची बरोबर चारला. पिशवी साफ केली आहे.

“साफ म्हणजे?”

“सडलेलं मांस होतं त्यात. सात तुकडे. फेकून दिलं.”

ते मांस मी तीन आठवडे जमवत होतो. बुरुजाच्या वाटेवर लांडगे असतात, त्यांच्यापुढे टाकायला. हे मी त्यांना जरा मोठ्या आवाजात समजावून सांगितलं.

“उघड्या जखमेशेजारी सडलेलं मांस?” त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही, आणि त्यामुळे मीच खाली आलो. “माझ्या वॉर्डात?”

त्या रात्री जेवताना बायको इतकी हसली की तिचा उरलासुरला आवाजही गेला.

तिसऱ्या दिवशी फोटोग्राफर दुकानात डोकावला. या गेममध्ये ओळखीच्या लोकांना एकमेकांची माणसं लांबून दिसतात. “काय रे, तुझा खंबीर दुपारी शेकोटीभोवती गोल गोल का फिरत होता? वेडबिड लागलं का त्याला?”

घरी येऊन विचारलं. सासूबाईंनी चालायचं बटण शोधून काढलं होतं. “नुसतं बसवून ठेवलं तर पायात रक्त साकळतं. जेवणाआधी दहा फेऱ्या, नंतर पाच.” आणि रात्री अंथरूण बदललं का, असं मला विचारलं. शेकोटीपाशी गवत बदलता येतं हे मला दहा महिन्यांत माहीत नव्हतं. त्यांनी ते तीन दिवसांत शोधलं होतं, कारण त्यांच्या मते कुठल्याही माणसाला एकाच अंथरुणावर ठेवणं हा हलगर्जीपणा होता.

पाचव्या दिवशी मी जरा धाडस केलं. आठची पट्टी बदलली आणि म्हटलं, नदीपर्यंत जाऊन एखादा ससा मारून यावा. खंबीर उठला मात्र, स्वयंपाकघरातून आवाज आला.

“पेशंटला कुठे नेताय?”

“हा काय, इथेच... हवा खायला.”

“डॉक्टरांना विचारलंत?”

“कोणते डॉक्टर?”

“तेच म्हणते मी. बसवा खाली.”

बसवला. पण एक सांगतो, आणि हे मी बायकोसमोर कधी कबूल करणार नाही: खंबीर इतका ठणठणीत दोनशे नव्वद दिवसांत कधी नव्हता. माझ्या हाताखाली तो नेहमी अर्धा उपाशी, अर्धा भिजलेला, कुठेतरी रक्त वाहत असलेला. मी त्याला पुढे रेटत होतो. या बाईंनी त्याला वेळेवर खाऊ घातलं, कोरडं ठेवलं, झोपवलं. सूज काळ्याची निळी झाली, निळ्याची पिवळी. गालावर चक्क रंग आला होता. मला वाटायचं गेममध्ये गालाचा रंग वगैरे नसतोच.

आणि आम्ही बोलायला लागलो. संध्याकाळी ओव्हर घेता घेता अर्धा-पाऊण तास कसा जायचा कळायचं नाही. मी त्यांना बुरुजाबद्दल सांगायचो, त्या मला वॉर्डातले किस्से सांगायच्या. एक माणूस शुद्धीवर आल्या आल्या त्यांना ‘माझी छत्री कुठे आहे’ म्हणाला होता, ते सांगताना त्यांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसून घेतलं. एकदा मध्येच म्हणाल्या, “शेवटच्या दिवशी मी चौदा बेडची ओव्हर दिली आणि घरी आले. कुलूप उघडलं. आणि मग कळेना, आता बघायचं कोणाकडे?” आणि लगेच उठून चहाचं आधण ठेवायला गेल्या. मी पोट आत घेणं विसरलो होतो, हे मला तेव्हा जाणवलं. मला त्या आवडायला लागल्या होत्या. सरळच सांगतो.

दोनशे सत्त्याण्णवाव्या दिवशी पट्टीचा शेवटून दुसरा दिवस होता. उद्या संध्याकाळी तक्ता बंद, मग दोन दिवस विश्रांती, मग दरवाजा. दुकानात एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांच्या फ्रेममध्ये मी डावी काच बसवली होती आणि उजवी हातात होती. फोन वाजला. सासूबाई.

“घरातली सगळी माणसं ठीक आहेत,” त्या म्हणाल्या. हे पहिलं वाक्य. “तुम्ही घरी या. घाई करू नका, पण या.”

सगळी माणसं ठीक आहेत म्हटल्यावर उरलं कोण?

“खंबीर?” मी विचारलं.

“फोनवर नाही, जावईबापू. या तुम्ही.”

मी काच खाली ठेवली. “सर, मला जावं लागेल,” मी म्हणालो.

शिक्षक एका डोळ्याने माझ्याकडे बघत उभे राहिले. “काही गंभीर?”

“हो.”

“घरातलं कोणी?”

मी जरा विचार केला. “हो,” म्हणालो.

“मग जा, जा. माझं काय, एका डोळ्याने वाचेन,” ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला इतकं ओशाळं वाटलं आणि इतकं बरंही वाटलं.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. सासूबाईंनी दार उघडलं. त्यांनी साडी बदलली होती, केस नीट विंचरले होते. हॉलमधला टीव्ही बंद होता. दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. शेजारी पेला भरून ठेवलेला.

“बसा.”

मी बसलो. त्या समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. हातात काही नव्हतं, नजर कुठे भिरभिरत नव्हती.

“तुम्हाला काय माहिती आहे आत्तापर्यंत?”

“आई, सांगून टाका.”

“खंबीर वारला,” त्या म्हणाल्या. “आज दुपारी. चार वाजून बावीस मिनिटांनी.”

आणि गप्प बसल्या. दुसरं कोणी असतं तर लगेच ‘अहो पण’, ‘काय झालं की’ सुरू केलं असतं. त्या नुसत्या बसून राहिल्या, माझ्या पुढे, सगळा वेळ मला देऊन. मी आधी हसलो. मग म्हणालो, “गेमच तर आहे.” आणि मग मी, सेहेचाळीस वर्षांचा चष्मेवाला, एका न बोलणाऱ्या माणसासाठी दिवसाढवळ्या ढसाढसा रडलो. त्यांनी पेला पुढे केला. मी घोट घेतला आणि जगातला सगळ्यात मूर्ख प्रश्न विचारला.

“त्रास झाला का त्याला?”

“नाही. लगेच गेला. मी होते.”

“पट्टी चुकली?”

“पट्टी चारला बदलली. पायाची सूज उतरली होती.” त्यांनी एक श्वास घेतला. “मी त्याला फेऱ्या मारायला लावत होते. तर पलीकडच्या अंधारातून कोणीतरी कण्हायला लागलं. बाईचा आवाज. पाणी मागत होती.”

मी डोळे मिटून घेतले.

हा आवाज ‘अंधारकोट’ खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. पहिल्या तासातच ऐकू येतो. तुम्ही भाबडेपणाने पाणी घेऊन जाता, वाकता, आणि जिला बाई समजलात ती पोटापासून उघडते आणि तुम्हाला गिळते. प्रत्येक जण तिच्या हातून एकदा मरतो. माझा पहिला माणूस चाळीस मिनिटांचा होऊन तिच्याच पोटात गेला. त्यानंतर कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. मोटारींच्या आवाजासारखी ती कानाआड होते. म्हणून तर मला सांगायचं सुचलं नाही. तीनदा विचारलं होतं त्यांनी. अजून काही? अजून काही? मी सही करून दिली होती.

त्या यातलं काही बोलल्या नाहीत. मीच बोललो, आणि जे बोलू नये ते बोललो.

“एवढी वर्षं नोकरी केलीत आणि एवढं कळलं नाही? सोंग होतं ते! आंधळ्यालासुद्धा कळलं असतं!”

“कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मी वीस मिनिटं ऐकत उभी होते. खऱ्या माणसाचा आवाज वीस मिनिटांत बसतो, जावईबापू. घसा कोरडा पडतो, शब्द तुटतात. तिचा बसत नव्हता. दर वेळी तसाच, तितकाच. मला शंका आली होती.”

“मग गेलात कशाला?”

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं, अगदी साधी गोष्ट न समजलेल्या माणसाकडे बघावं तसं.

“शंका आली म्हणून पाणी नाकारत नाही आम्ही,” त्या म्हणाल्या. “चौतीस वर्षांत सोंगं पुष्कळ बघितली. सोंग करणाऱ्यालाही पाजलं. एखादा खरा निघाला तर?” मग जरा थांबून, “दोन घोट घेतले तिने. मग झालं ते.”

दोन घोट. आजवर तिच्या तोंडाला घोटभर पाणी कोणी लावलं असेल असं मला वाटत नाही. सगळे घाबरून मध्येच मागे पळतात आणि मरतात. मी पण तसाच मेलो होतो.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “पेशंट तुमचा होता. माझ्या ताब्यात दिला होता आणि मी त्याला दुसरीसाठी धोक्यात घातलं. विचारायला हवं होतं तुम्हाला. माफ करा.”

त्यांचा आवाज इथे पहिल्यांदा हलला.

तेवढ्यात बायको आली. दोन समोरासमोर खुर्च्या, माझे लाल डोळे, आईची नवी साडी बघून दारातच थबकली. “कोण गेलं?” तिने बसक्या आवाजात विचारलं.

“खंबीर.”

तिच्या तोंडावर हसू यायला लागलं. मग तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चपला काढून गुपचूप माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. एका शब्दाने चिडवलं नाही. तेव्हा मला खरं कळलं की कोणीतरी गेलंय.

फोन वाजला. फोटोग्राफर. त्याला दिसलं होतं. “कसा रे? कोणी मारलं? पाटीवर काय लिहिणार आहेस?”

पाटीचं मी विसरूनच गेलो होतो. मेलेल्यांचं एक दफनभूमीचं पान असतं, ते सगळ्यांना दिसतं. नाव आणि दिवस गेम लिहितो. खाली एक ओळ आपण लिहायची, तासाभरात. कसा मेला हे त्या ओळीवरूनच कळतं, त्यामुळे तिथे थापांना ऊत आलेला असतो. फोटोग्राफरच्या सतरापैकी नऊ जण म्हणे वीज गेल्यामुळे गेले. दोनशे सत्त्याण्णव दिवसांचा माणूस, आणि मेला पहिल्या तासाच्या सापळ्यात! हे कळलं असतं तर मला वर्षभर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मी टीव्ही लावला. पाच वाजून चौदा मिनिटं झाली होती. काळ्या पानावर नवी पाटी होती: खंबीर, दिवस २९७. खाली रिकामी जागा.

पहिली ओळ मी लिहिली ती अशी: ‘सासूने मारलं.’ बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला. सासूबाई म्हणाल्या, “राहू दे. खरंच आहे ते.” मी पुसली.

मग लिहिलं: ‘अचानक वीज गेली.’ ही छान दिसत होती. इभ्रत शाबूत, वर सगळ्यांची हळहळ. मी बोट बटणावर ठेवलं. दाबणार इतक्यात सासूबाईंकडे लक्ष गेलं. त्या पाटीकडे बघत ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना समोर बसवून खरं तेच सांगितलं होतं, आणि आजही सांगितलं होतं. फोनवरून सहज थाप मारता आली असती की वीज गेली.

मी तीही पुसली. पाच वाजून एकोणीस.

दहा महिने मी या माणसाला खायला घातलं, लढवलं, पळवलं, ते एका दरवाजासाठी. त्या दरवाजापलीकडे काय आहे ते मला आता कळणार नव्हतं. पण त्या अंधारात, जिथे आम्ही सगळे हजारो जण कानावर हात ठेवून पुढे जातो, तिथे माझा खंबीर वाकला होता आणि दोन घोट पाजेपर्यंत मागे हटला नव्हता. दोनशे सत्त्याण्णव दिवसांत मी त्याच्याकडून एवढं मोठं काही करवून घेतलं नव्हतं.

एक एक अक्षर शोधून मी लिहिलं: ‘पाणी द्यायला गेला.’

बायकोने माझ्या दंडावरचा हात तसाच ठेवला. सासूबाई उठल्या, पडद्याजवळ गेल्या, चष्मा वर सरकवून ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. पदराने डोळे पुसले, आणि घसा खाकरला.

“वेळ राहिली,” त्या म्हणाल्या.

“कसली वेळ?”

“वेळ घातल्याशिवाय नोंद पुरी होत नाही, बाळ.”

नऊ वर्षांत त्यांनी मला बाळ म्हटलं नव्हतं.

“सांगा,” मी म्हणालो.

“चार बावीस.”

मी लिहिलं, आणि त्यांनी स्वतः येऊन गोल बटण दाबलं.